मृत पक्ष्याची साक्ष

प्रस्तावना

शहर म्हणजे केवळ माणसांची वस्ती, असा आपला समज असतो. परंतु आपल्या घरांच्या वळचणीला, झाडांवर, नाल्यांच्या काठी आणि टेकड्यांच्या कपारीत असंख्य प्राणी-पक्षी राहत असतात. ते जिवंत असताना आपले त्यांच्याकडे फारसे लक्ष नसते. मात्र एखाद्या सकाळी त्यांतले चार-सहा जीव एकाच ठिकाणी मरून पडलेले दिसले, की मनात शंका येते : यांना कोणी विष तर घातले नसेल? अशा वेळी नागरिकाचे कर्तव्य काय, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही —
• प्राणी-पक्ष्यांना विषबाधा कोणकोणत्या मार्गांनी होते, ते सांगू शकाल;
• संशय आणि पुरावा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• मृत प्राणी आढळल्यास काय करावे व काय टाळावे, ते समजून घ्याल;
• यासंबंधीच्या कायद्यांची माहिती देऊ शकाल.

मूळ पाठ

१. पिंपळाखालचे कावळे

मध्य प्रदेशातील जबलपूर हे नर्मदेच्या काठी वसलेले मोठे शहर. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि आजही अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आहेत. या शहराचे एक वैशिष्ट्य असे, की येथे रान आणि वस्ती यांच्यामध्ये फारसे अंतर राहिलेले नाही. विमानतळाच्या वाटेवर डुमना निसर्ग उद्यान आहे. त्यातील खंदारी जलाशयाचे पाणी शहराला पुरवले जाते आणि त्याच पाण्यावर चितळ, रानडुकरे, कोल्हे, मोर हेही तहान भागवतात. आसपासच्या टेकड्यांवर अधूनमधून बिबट्याचाही वावर आढळतो.

आता अशी कल्पना करा, की या शहरातील एक गृहस्थ पहाटे फिरायला निघाले आहेत. रस्त्याकडेच्या पिंपळाखाली त्यांना चार कावळे मरून पडलेले दिसतात. पाचवा पंख फडफडवीत आहे, पण त्याला उडता येत नाही. थोड्याच वेळात तेथे माणसे जमतात. एक जण म्हणतो, “कोणीतरी विष घातले असणार. समोरच्या घरातल्यांना पक्ष्यांचा त्रास होतच होता.” दुसरा म्हणतो, “रोगाची साथ आली असेल.” तिसरा म्हणतो, “कावळेच ते! मेले तर मेले. झाडूवाल्याला सांगा, उचलून नेईल.”

या तिघांपैकी बरोबर कोण? त्या क्षणी कोणालाच काही ठाऊक नाही. पहिल्याने पुराव्याशिवाय शेजाऱ्यावर आरोप केला. दुसऱ्याने अंदाज बांधला आणि तो गप्प बसला. तिसऱ्याने तर सत्य शोधण्याची वाटच बंद केली. कारण ते पक्षी कचऱ्याच्या गाडीत गेले, की त्यांच्या मृत्यूचे कारणही त्यांच्याबरोबर नाहीसे होते.

मृत पक्षी बोलत नाही, परंतु त्याचे शरीर साक्ष देऊ शकते. ती साक्ष ऐकली जावी, यासाठी समाजाने जागे असावे लागते.

२. विष कोठून येते?

विषबाधा म्हटले, की कोणीतरी मुद्दाम विष घातले असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. तसे प्रकार घडतात, हे खरे आहे. वाघाने किंवा बिबट्याने गाय मारली, तर संतापलेला मालक कधी कधी उरलेल्या मांसावर कीटकनाशक ओततो. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी कोणी विष कालवलेले अन्न टाकतो. परंतु विष एकदा उघड्यावर टाकले, की ते कोणी खावे हे टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही. कुत्र्यासाठी ठेवलेले अन्न कोल्हा खातो, मेलेल्या कोल्ह्याला घार टोचते, आणि खाली सांडलेला घास एखादे लहान मूलही उचलू शकते.

याहून कितीतरी वेळा विषबाधा निष्काळजीपणाने होते. पेरणीपूर्वी बियाण्याला कीटकनाशक चोळलेले असते. ते मातीत नीट झाकले गेले नाही, तर मोर, कबुतरे आणि पारवे ते टिपून खातात. घरात उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाचेही तसेच आहे. काही औषधांमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते. असे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तपणे वावरतो. सुस्त उंदीर घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. अशा रीतीने आपल्या स्वयंपाकघरातले विष उंदराच्या पोटातून घुबडाच्या पोटात जाते. जे घुबड रोज रात्री फुकट उंदीर मारीत होते, तेच आपण गमावून बसतो.

निरनिराळी विषे शरीरावर निरनिराळ्या प्रकारे परिणाम करतात. अनेक कीटकनाशके मज्जातंतूंवर आघात करतात. मज्जातंतूंमधून गेलेला संदेश थांबवणारे एक द्रव्य शरीरात असते. विषामुळे त्याचे काम बंद पडते. मग स्नायू सतत आकसत राहतात, तोंडातून लाळ गळते, झटके येतात आणि अखेर श्वास थांबतो. उंदरांसाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी संयोग पावून विषारी वायू निर्माण करते. म्हणूनच मरणापूर्वीची लक्षणे पाहून ठेवणे आणि ती तपास करणाऱ्यांना सांगणे फार मोलाचे असते.

३. गिधाडांचा धडा

निष्काळजीपणाने झालेल्या विषबाधेचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. १९८० च्या दशकात भारतात कोट्यवधी गिधाडे होती. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की काही तासांत त्याची फक्त हाडे उरत. गावोगावची ही सफाई कोणतेही वेतन न घेता चालत असे. १९९० च्या दशकात मात्र गिधाडे झपाट्याने कमी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूर येथे ही घट नोंदवली. गिधाडे झाडांवर मान टाकून बसत आणि काही दिवसांनी खाली पडून मरत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

आरंभी सर्वांना साथीच्या रोगाचा संशय होता. खरे कारण २००४ मध्ये उघड झाले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मृत गिधाडांची शवविच्छेदने केली. गिधाडांच्या अवयवांवर पांढऱ्या खडूसारखा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे साचलेले ते युरिक आम्ल होते. त्यामागे होते डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध. आजारी गुरांना हे औषध दिले जाई. असे जनावर मेल्यावर गिधाडे ते मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. शेतकऱ्याला आपल्या बैलाच्या वेदना कमी करायच्या होत्या, इतकेच.

कारण कळल्यामुळे उपाय करता आला. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध पर्याय म्हणून उपलब्ध होते. तरीही माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये अशा मोठ्या बाटल्यांवरही निर्बंध आला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. मात्र तोपर्यंत नुकसान होऊन गेले होते. सडणारी जनावरे उघड्यावर पडू लागली, पाणी दूषित झाले आणि भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने असा अंदाज मांडला, की २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पक्ष्याचे मरण आणि माणसाचे मरण यांत किती थोडे अंतर असते, हे यावरून लक्षात येते.

पाठगत प्रश्न १
(अ) सुस्त झालेला उंदीर घुबडासाठी धोकादायक का ठरतो?
(आ) गिधाडांच्या मृत्यूविषयी आरंभी कोणता संशय होता आणि खरे कारण कोणते निघाले?

४. बांधवगडचे हत्ती

जबलपूरच्या ईशान्येकडे उमरिया जिल्ह्यात बांधवगड व्याघ्र प्रकल्प आहे. छत्तीसगडमधून आलेले हत्ती २०१८ पासून तेथे स्थिरावले आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे तेरा हत्तींच्या कळपातील काही हत्ती मृत, तर काही जमिनीवर तडफडत असलेले आढळले. पशुवैद्यांनी शर्थीचे प्रयत्न केले, परंतु तीन दिवसांत दहा हत्ती दगावले.

संशय साहजिकच माणसांवर गेला. हत्तींनी पिके तुडवल्याने चिडलेल्या कोणी विष घातले असावे, असे बोलले जाऊ लागले. तपासपथके श्वानांसह फिरली. आसपासची शेते आणि घरे तपासली गेली, लोकांची चौकशी झाली. त्याच वेळी मृत हत्तींच्या अवयवांचे नमुने जबलपूर, सागर आणि बरेली येथील प्रयोगशाळांकडे पाठवण्यात आले.

५ नोव्हेंबर रोजी बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा अहवाल जाहीर झाला. नमुन्यांत कीटकनाशके नव्हती, नायट्रेट नव्हते, जड धातूही नव्हते. आढळले ते सायक्लोपियाझोनिक आम्ल. हे विष बुरशीपासून तयार होते. हत्तींनी शेतातील कोदो हे भरडधान्य मोठ्या प्रमाणावर खाल्ले होते आणि त्या पिकाला बुरशी लागलेली होती. याच धान्याला कोकणात हरीक म्हणतात. ते खाल्ल्याने कधी कधी माणसांना व गुरांनाही गुंगी येते, हे शेतकरी पूर्वीपासून जाणतात.

विषबाधा झाली होती, पण विष घालणारा कोणी नव्हता. नमुने वेळेवर घेतले गेले नसते, तर एखाद्या निरपराध शेतकऱ्याच्या माथी आयुष्यभराचा कलंक लागला असता. आणि बुरशी लागलेले पीक हत्तींना घातक ठरते, ही शिकवणही हाती आली नसती.

५. उदगीरचे कावळे

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील लातूर जिल्ह्यात, उदगीर शहरात, कावळे मरून पडू लागले. काही दिवसांत सुमारे पन्नास कावळे दगावले. पाहणाऱ्याला विषप्रयोगाची शंका यावी, असेच ते दृश्य होते. नागरिकांनी ही गोष्ट पशुसंवर्धन विभागाच्या कानावर घातली. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि निदान झाले : बर्ड फ्लू. मग त्या परिसराच्या दहा किलोमीटर परिघात सतर्कतेचे आदेश निघाले.

येथे विष नव्हतेच. परंतु धोका विषाइतकाच मोठा होता. बर्ड फ्लूचा विषाणू कोंबड्यांमध्ये वेगाने पसरतो आणि क्वचित माणसालाही बाधतो. त्या कावळ्यांना कोणी उघड्या हाताने उचलले असते, किंवा ‘कावळेच ते’ म्हणून दुर्लक्ष केले असते, तर काय झाले असते, याचा विचार करा.

या तीन घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट स्पष्ट होते. रोग वाटला तेथे औषध निघाले, माणसाचे कृत्य वाटले तेथे बुरशी निघाली, विष वाटावे तेथे विषाणू निघाला. प्रत्येकाचा उपाय निराळा होता. म्हणून संशय येणे चांगले. पण संशय हा निष्कर्ष नव्हे. तो शोधाचा आरंभ आहे.

६. प्रयोगशाळेत काय घडते?

जबलपूरला पशुवैद्यकीय शिक्षणाची जुनी परंपरा आहे. तेथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ मध्ये सुरू झाले आणि २००९ मध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठाची स्थापना झाली. आज नानाजी देशमुख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठात वन्यजीवांच्या आरोग्यासाठी आणि न्यायवैद्यक तपासणीसाठी स्वतंत्र केंद्र आहे. वाघ, बिबटे, हत्ती अशा प्राण्यांच्या संशयास्पद मृत्यूचे नमुने तेथे तपासले जातात.

शवविच्छेदनाच्या वेळी जठर व त्यातील अन्न, यकृत आणि मूत्रपिंड यांचे तुकडे काढले जातात. विषाच्या तपासणीसाठी ते मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. ऊतींच्या सूक्ष्म तपासणीसाठी वेगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवले जातात. विषासाठीचा नमुना चुकून फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, तर अनेक विषे ओळखणे अवघड होते. विषाणूच्या शोधासाठी नमुना थंड ठेवावा लागतो. प्रत्येक बाटली मोहोरबंद करून तिच्यावर तारीख, ठिकाण आणि नाव लिहिले जाते. बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याची नोंद ठेवली जाते. ही साखळी तुटली, तर न्यायालयात पुरावा टिकत नाही.

परंतु या साखळीची पहिली कडी प्रयोगशाळेत नसते. ती पिंपळाखाली उभ्या असलेल्या त्या नागरिकाच्या हातात असते. उन्हाळ्यात मृत शरीर काही तासांत कुजू लागते आणि कुजलेल्या शरीरातून उत्तर मिळणे कठीण होते. म्हणून वेळेवर दिलेली खबर ही तपासाची निम्मी सिद्धी आहे.

७. नागरिकाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे मृत अथवा आजारी प्राण्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. मुलांना, पाळीव कुत्र्यांना आणि कोंबड्यांना तेथून दूर ठेवावे. शक्य असल्यास दुरून छायाचित्र घ्यावे. किती प्राणी आहेत, कोणत्या जातीचे आहेत, केव्हा दिसले, जिवंत असलेल्यांची लक्षणे काय आहेत, हे लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे जागेचे निरीक्षण. जवळ अर्धवट खाल्लेले मांस, पिठाचे गोळे, रंगीत दाणे किंवा रिकाम्या बाटल्या आहेत का? मृत शरीरावर बसलेल्या माश्या किंवा मुंग्याही मेल्या आहेत का? एकाच ठिकाणी कुत्रा, कावळा आणि घार असे निरनिराळे जीव मेले असतील, तर विषाचा संशय बळावतो. अनेक दिवस एकाच जातीचे पक्षी मरत राहिले, तर रोगाची शक्यता अधिक असते. हे केवळ संकेत आहेत, निर्णय नव्हेत. परंतु अधिकाऱ्यांना ते फार उपयोगी पडतात. यांतील कोणतीही वस्तू हलवू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे ताबडतोब खबर देणे. वन विभागाचे जवळचे कार्यालय, पशुसंवर्धन विभाग किंवा महापालिकेचा आरोग्य विभाग यांना कळवावे. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. गुन्ह्याचा संशय असल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवता येते. पंचनामा होईपर्यंत शक्य असल्यास तेथे थांबावे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती म्हणजे जिभेवर ताबा ठेवणे. कोणाचे नाव घेऊन अफवा पसरवू नये. आपली माहिती तपास करणाऱ्यांना द्यावी, चौकातल्या गर्दीला नव्हे.

दक्षता मरणानंतरच दाखवायची असते, असे मात्र नाही. उंदरांचे औषध बंदिस्त पेटीत ठेवावे आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या नाल्यात टाकू नयेत. गुरांना पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय वेदनाशामक देऊ नये. वन्य प्राण्याने जनावर मारले, तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. सूड हा त्यावरचा उपाय नाही.

८. कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्याला विष घालणे ही शिकारच मानली जाते. तसा नुसता प्रयत्न करणे हाही गुन्हा आहे. वाघ, बिबट्या, हत्ती, मोर अशा पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पूर्वी कावळ्याची गणना ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या अनुसूचीत होत असे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानुसार कोणत्याही प्राण्याला आगळीक म्हणून ठार मारणे किंवा विष घालणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याचबरोबर सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात सांगितलेले प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

९. समारोप

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवावा, म्हणून आपण तासन्‌तास त्याची वाट पाहतो. आपल्या गेलेल्या माणसाची इच्छा तो सांगतो, अशी आपली श्रद्धा असते. मग तोच कावळा आपल्या दारात मरून पडतो, तेव्हा तो काय सांगतो आहे, हे ऐकण्यासाठी थोडा वेळ थांबायला काय हरकत आहे? कदाचित त्याने आपल्याच विहिरीचे पाणी प्यायलेले असेल. कदाचित आपल्याच मुलांच्या खेळण्याच्या जागी पडलेला घास त्याने खाल्लेला असेल. तो आपल्या आधी मेला, म्हणून आपल्याला कळले.

पाठगत प्रश्न २
(अ) विषाच्या तपासणीसाठीचे अवयव कोणत्या द्रावणात ठेवतात?
(आ) मृत पक्ष्यांवरील माश्याही मेलेल्या असतील, तर त्यावरून कोणता संकेत मिळतो?

आपण काय शिकलो?
• विषबाधा जाणूनबुजून, निष्काळजीपणाने किंवा निसर्गतःही होऊ शकते.
• संशय आल्यावर आरोप करू नये. पुरावा जपून ठेवावा आणि त्वरित खबर द्यावी.
• प्राण्यांच्या मृत्यूचे खरे कारण कळले, तरच योग्य उपाय करता येतो.
• प्राण्यांच्या आरोग्याशी माणसाचे आरोग्य जोडलेले आहे.

शब्दार्थ
वळचण — छपराची भिंतीबाहेर आलेली कड
शवविच्छेदन — मृत शरीराची चिरफाड करून केलेली तपासणी
न्यायवैद्यक — गुन्ह्याच्या तपासासाठी वैद्यकशास्त्राचा उपयोग करणारी शाखा
संपृक्त — ज्यात आणखी पदार्थ विरघळू शकत नाही असे (द्रावण)
ऊती — शरीरातील समान पेशींचा समूह
पंचनामा — साक्षीदारांसमक्ष केलेली घटनास्थळाची लेखी नोंद
आगळीक — कुरापत, नुकसान करण्याच्या हेतूने केलेले कृत्य

स्वाध्याय
१. ‘संशय हा निष्कर्ष नव्हे, तो शोधाचा आरंभ आहे’ हे विधान बांधवगडच्या घटनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. पिंपळाखाली जमलेल्या तिघांच्या बोलण्यातील चूक तुमच्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या वस्तीत काही पक्षी मृत आढळले आहेत, अशी कल्पना करून वन विभागाच्या अधिकाऱ्यांना खबर देणारे पत्र लिहा.
४. तुमच्या घरात किंवा शेतात वापरल्या जाणाऱ्या विषारी पदार्थांची यादी करा. प्रत्येक पदार्थ सुरक्षित कसा ठेवता येईल, ते लिहा.